चाक, स्प्रिंग आणि सात किलोंचे टायटॅनियम

(दृश्य : चाचणी मैदान, मंद गतीतील चित्रण)

पडद्यावर उडत येताना दिसते आहे ते फॉर्म्युला वन गाडीचे टायरसह पूर्ण चाक आहे. त्याचे वजन सुमारे २० किलो आणि वेग ताशी २२५ किलोमीटर आहे. समोर बसवलेले पारदर्शक छत एफ-१६ या लढाऊ विमानाचे आहे. चाक आदळते, छत आत दबते, पुन्हा मूळ आकारात येते आणि चाकाला वर भिरकावून देते. हाच मारा पॉलिकार्बोनेटच्या जाड काचेवरही करण्यात आला. तिनेही चाक अडवून वळवले, पण त्यात तिचे स्वतःचे नुकसान झाले. एफआयए, म्हणजे जागतिक मोटारशर्यतींचे नियमन करणाऱ्या संघटनेच्या संशोधन संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेले हे चित्रण आहे. वरून उघड्या गाडीत बसणाऱ्या चालकाचे डोके कसे वाचवायचे, या शोधाची आणि त्यातून आलेल्या ‘हेलो’ या टायटॅनियमच्या कमानीची ही गोष्ट आहे.

या प्रयोगामागे २००९ च्या जुलैतील दोन घटना होत्या. १९ जुलैला इंग्लंडमधील ब्रँड्स हॅच येथे फॉर्म्युला टू या फॉर्म्युला वनपेक्षा खालच्या स्तराच्या शर्यतीत एका गाडीचे चाक निखळून मार्गावर आले आणि मागून येणाऱ्या हेन्री सर्टीसच्या डोक्यावर आदळले. दुचाकी आणि चारचाकी अशा दोन्ही शर्यतींत विश्वविजेते ठरलेल्या जॉन सर्टीस यांचा हा मुलगा अवघा १८ वर्षांचा होता. तो वाचला नाही. ते चित्रण उपलब्ध असूनही आम्ही येथे वापरलेले नाही. त्यानंतर सहाच दिवसांनी हंगेरीत फॉर्म्युला वनची पात्रता फेरी सुरू असताना, पुढच्या गाडीतून निसटलेली एक स्प्रिंग फेरारीचा चालक फेलिपे मासाच्या हेल्मेटवर आदळली. मासा वाचला, मात्र त्या वर्षीच्या उरलेल्या शर्यतींना मुकला. एकीकडे मोठे चाक आणि दुसरीकडे लहानशी स्प्रिंग, असे हे दोन वेगळे प्रश्न होते, आणि दोन्हींचे उत्तर एकाच साधनात मिळेल अशी आशा तेव्हा बाळगली गेली.

(दृश्य : उलटलेली गाडी, मदतीला धावणारे कर्मचारी)

विमानाचे छत एवढे मजबूत असेल तर तेच का बसवले नाही, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. विमानातून वैमानिक वर फेकला जातो, पण शर्यतीच्या गाडीतला चालक स्वतःच्या हातापायांनी बाहेर पडतो. गाडी उलटली, चालक बसतो त्या दारे नसलेल्या खोबणीत आग शिरली किंवा पावसाने आणि पुढच्या गाडीच्या तेलाने काच माखली, तर बंद छत हेच संकट ठरण्याची भीती होती. त्यामुळे पुढच्या काही वर्षांत अभियंत्यांचा शोध छताकडून सांगाड्याकडे वळला.

(दृश्य : बार्सिलोना, सोची आणि सिल्व्हरस्टोन येथील चाचण्या)

मार्च २०१६ मध्ये बार्सिलोनाच्या चाचण्यांत किमी रायकोनेनच्या फेरारीवर प्रथमच दिसलेली ही काळी कमान म्हणजे ‘हेलो’. तिची मूळ कल्पना मर्सिडीज संघाने मांडली होती. पाठोपाठ एप्रिलमध्ये रेड बुल संघाने सोची येथे ‘एरोस्क्रीन’ नावाची चौकटीतली काच डॅनियल रिकार्डोच्या गाडीवर बसवली. जुलै २०१७ मध्ये सिल्व्हरस्टोनला सेबास्टियन फेटेलने ‘शील्ड’ ही वक्र पारदर्शक ढाल वापरून पाहिली, पण वक्रतेमुळे त्याला समोरचे दृश्य विकृत दिसू लागले, गरगरू लागले आणि एकाच फेरीनंतर तो परतला. दिसायला शील्ड सर्वांत देखणी होती, हे मान्यच करावे लागेल.

हेलोला मात्र प्रेक्षकांनी रबरी स्लिपरचा पट्टा म्हणून हिणवले. मधला खांब चालकाच्या नजरेसमोरच येतो, हा आक्षेप त्याहून गंभीर होता आणि त्याचे उत्तर माणसाच्या डोळ्यांच्या रचनेत आहे. आपल्या दोन बुबुळांमध्ये साधारण सहा सेंटिमीटर अंतर असते, आणि समोरून पाहता या खांबाची रुंदी जेमतेम दोन सेंटिमीटर आहे. त्यामुळे उजव्या डोळ्याला जो भाग दिसत नाही तो डाव्याला दिसतो, डाव्याला न दिसणारा उजव्याला दिसतो, आणि दूर नजर लावलेल्या चालकाला खांब जवळजवळ जाणवेनासा होतो.

(दृश्य : कारखाना, टायटॅनियमचा घन दंड, छिद्रण यंत्र)

आता ही कमान तयार कशी होते ते पाहू. जर्मनीतील सीपी ऑटोस्पोर्ट, ब्रिटनमधील एसएस ट्यूब टेक्नॉलॉजी आणि इटलीतील व्ही सिस्टीम या तीन उत्पादकांना सुरुवातीला एफआयएची मान्यता मिळाली. कोणत्याही संघाला स्वतःची कमान घडवता येत नाही. धातू म्हणजे पाचव्या श्रेणीचे टायटॅनियम, ज्यात सुमारे सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असते. विमानउद्योगाच्या परिचयाचा हा मिश्रधातू पोलादाच्या तुलनेत कितीतरी हलका आहे. यंत्रावर चढवलेला हा दंड भरीव आहे. त्याला लांब छिद्रणाने आरपार पोकळ केले जाते. मग पाव वर्तुळाचे दोन भाग वाकवले जातात, पुढचा खांब आणि मागची दोन टोके वेगळी घडवली जातात, आणि हे पाचही भाग एकमेकांना जोडले जातात. तापलेले टायटॅनियम हवेतील प्राणवायू शोषून ठिसूळ होते, म्हणून हे वेल्डिंग हवेपासून पूर्ण संरक्षण देऊनच करावे लागते. काचेच्या पेटीत हात घालून काम करणाऱ्या या कारागिराचे नाव कोणत्याही विजयमंचावर पुकारले जात नाही. शेवटी चालकाच्या डोळ्यांवर तिरीप येऊ नये म्हणून पृष्ठभाग खरखरीत आणि निस्तेज केला जातो. तयार कमानीचे वजन सुमारे सात किलो भरते.

(दृश्य : दाबचाचणी)

या कमानीने वरून आणि बाजूने अशा दोन्ही दिशांनी १२५ किलोन्यूटन बल पाच सेकंद सोसावे लागते. हे बल साधारण १२ टन वजनाइतके आहे. कमान टिकली आणि ती गाडीच्या ज्या गाभ्यावर बसते तोच फाटला तर उपयोग नाही, म्हणून संघांना गाडीचा कार्बनफायबरचा गाभाही त्यानुसार अधिक बळकट करावा लागला आणि त्याचीही स्वतंत्र चाचणी द्यावी लागली.

१९ जुलै २०१७ रोजी, म्हणजे हेन्री सर्टीसच्या मृत्यूला बरोबर आठ वर्षे झाली त्या दिवशी, संघांच्या बैठकीत हा विषय आला. बहुतेक संघ विरोधात होते, पण एफआयएने सुरक्षेच्या अधिकारात २०१८ पासून हेलो सक्तीचे केले. अशा बाबी बहुमताने ठरवायच्या नसतात, असे आमचे मत आहे. मर्सिडीजचे प्रमुख टोटो वोल्फ यांनी नव्या गाडीच्या अनावरणाच्या वेळी करवत मिळाली तर ही कमान कापून टाकेन, असे बोलून दाखवले होते. ज्या संघाने तिची कल्पना दिली त्याच्याच प्रमुखाचे हे उद्गार होते.

(दृश्य : बार्सिलोना, मे २०१८, कमानीवरील टायरची खूण)

ही खूण नीट पाहावी. फॉर्म्युला टूच्या शर्यतीत निरेई फुकुझुमीच्या गाडीचे मागचे चाक तादासुके माकिनोच्या कॉकपिटवर चढले, तेव्हा ती उमटली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेल्जियमच्या स्पा येथे फर्नांडो अलोन्सोची गाडी शार्ल लक्लेरच्या डोक्यावरून गेली. एफआयएच्या विश्लेषणात कमानीवरील बल ५८ किलोन्यूटन निघाले, आणि हेलो नसते तर अलोन्सोच्या पुढच्या पंखाची कड लक्लेरच्या व्हायझरला, म्हणजे हेल्मेटच्या पारदर्शक पट्टीला, लागली असती, असा निष्कर्ष निघाला.

(दृश्य : बहारीन, २९ नोव्हेंबर २०२०. २७ सेकंद केवळ मूळ ध्वनी, निवेदन नाही)

रोमँ ग्रोजाँची गाडी ताशी १९२ किलोमीटर वेगाने लोखंडी कठड्यात घुसली आणि तिचे दोन तुकडे होऊन आग भडकली. कठड्याच्या पट्ट्या फाकवून डोक्यापुरती जागा या कमानीने केली. बाकीचे काम मानेचा पट्टा, अग्निरोधक पोशाख आणि धावत आलेले डॉक्टर यांनी केले. हेलोला विरोध करणाऱ्यांत ग्रोजाँही होता. नंतर त्याने आपले मत बदलल्याचे जाहीरपणे सांगितले. याच संकुलात पुढच्याच आठवड्यात मुंबईच्या जेहान दारूवालाने हेलो असलेल्या गाडीतून फॉर्म्युला टूमधला आपला पहिला विजय मिळवला. पुढे २०२१ मध्ये मोंझाला लुईस हॅमिल्टनच्या आणि २०२२ मध्ये सिल्व्हरस्टोनला झोउ ग्वानयूच्या डोक्यावरचा भारही या कमानीनेच पेलला.

(दृश्य : हेल्मेटची चाचणी, इंडीकारची गाडी)

स्प्रिंगचा प्रश्न मात्र कमानीने सोडवलेला नाही, कारण तिच्या बाजूंनी लहान वस्तू सहज आत येऊ शकते. फॉर्म्युला वनने तो भार हेल्मेटवर सोपवला आहे. २०१९ पासून सक्तीच्या झालेल्या नव्या प्रकारच्या हेल्मेटला ताशी २५० किलोमीटर वेगाने सोडलेला २२५ ग्रॅमचा धातूचा तुकडा अडवावा लागतो. अमेरिकेत २०१५ मध्ये पोकोनो येथे उडालेला अवशेष डोक्यावर लागून जस्टिन विल्सनचा मृत्यू झाला होता. तेथील इंडीकार या शर्यतमालिकेने २०२० पासून टायटॅनियमच्या चौकटीत पॉलिकार्बोनेटची काच बसवून वेगळा मार्ग धरला. ती काच लहान तुकडेही अडवते, पण चालकाकडे येणारा वाराही अडवते, म्हणून आत हवा पोहोचवण्यासाठी स्वतंत्र झरोके आणि नळ्या द्याव्या लागल्या.

(श्रेयनामावली)