औटघटकेचं: यातला ‘औट’ क्रिकेटमधला नाही

नमस्कार मंडळी! परवा भाच्यानं पेपरातला मथळा मोठ्यानं वाचला, ‘औटघटकेचे मंत्रिपद’, आणि मला विचारलं, “मामा, मंत्री आउट झाले म्हणून औट का रे?” हसू नका. दहावीपर्यंत मीही तसंच समजत होतो.

तर हा औट अस्सल मराठी. औट म्हणजे साडेतीन. संस्कृतात ‘अर्धचतुर्थ’, म्हणजे तीन पूर्ण आणि चौथा अर्धा. प्राकृतात त्याचं ‘अद्धुट्ठ’ झालं आणि झिजत झिजत आपल्याकडे ‘औट’ उरला. अडीचही तसाच, ‘अर्धतृतीय’मधून आलेला. अडीच टिकला, औट बिचारा मागे पडला. घरात कुणी जुन्या शाळेत शिकलेलं असेल तर औटकी विचारून बघा. साडेतीनचा पाढा! दोन औट सात, तीन औट साडेदहा... पुढचं तुम्ही म्हणा, मी पाणी पितो.

आता घटका. हे बघा, तांब्याचं वाटीएवढं घटिकापात्र. बुडाला हे बारीकसं भोक, दिसतंय? घंगाळातल्या पाण्यावर सोडलं की खालून पाणी चढत जातं, काठ पाण्याला टेकतो आणि डुबुक! भरली घटका. २४ मिनिटं. पूर्वी लग्नाचा मुहूर्त यावरच धरायचे.

साडेतीन गुणिले २४, झाली ८४ मिनिटं. हिंदी सिनेमाचं मध्यंतर होईतो राज्य खालसा!

अर्थात बोलताना कुणी घड्याळ लावत नाही. २३ नोव्हेंबर २०१९ ला सकाळी शपथ घेतलेलं फडणवीस-अजित पवारांचं सरकार २६ तारखेला गेलं. भरले जेमतेम ८० तास, तरी ते औटघटकेचंच.

पण म्हणून अल्पायुषी दिसेल त्याला हा शब्द चिकटवू नका. पाण्याचा बुडबुडा क्षणभंगुर. माणसाचं आयुष्यही क्षणभंगुर. औटघटकेची असते ती सत्ता, खुर्ची, मिरवणं. या शब्दात एक बारीक चिमटा आहे. कुणाच्या मयतीला जाऊन ‘औटघटकेचं आयुष्य’ म्हणालात तर लोक वळून बघतील.

भाच्याला हे एकदाच सांगितलं. आता त्याची आई भाजी आणायला बाहेर पडली की तो टीव्हीचा रिमोट उचलतो, सोफ्यावर पाय पसरतो आणि मला म्हणतो, “मामा, औटघटकेचं राज्य सुरू!”