मावशींनी झोपायचं कधी?

(पुण्यातल्या एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत झालेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. आत्ता माझी ओळख करून देताना ‘रुग्णसेवेला वाहून घेतलेल्या’ असं म्हणाले. वाहून वगैरे काही घेतलेलं नाही हो, पगार घेतला. आधी एका दवाखान्यात वॉर्डात आया होते, मग २१ वर्षं लोकांच्या घरी ‘पेशंटच्या मावशी’. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून नव्या मुलींना हे काम शिकवते. तुमच्यातल्या निम्म्या लोकांनी कधी ना कधी अशा मावशी पुरवणाऱ्या ब्युरोला फोन केला असेल. उरलेल्यांसाठी पुढे कुणीतरी करेल. रागावू नका, खरं तेच सांगते.

त्या फोनवरचं एक वाक्य ठरलेलं असतं. “काम काही फार नाही, नुसतं बसायचंय.” मी पहिल्या घरी गेले तेव्हा मलाही तसंच सांगितलं होतं. काकांना लकवा झालेला, उजवी बाजू गेलेली. वहिनी म्हणाल्या, शर्ट बदला. मी चांगला हात आधी घातला आणि लुळा हात मागे ओढत राहिले. काका कळवळले. बोलता येत नव्हतं, डोळ्यांतून पाणी आलं. नंतर एका फिजिओथेरपिस्ट ताईंनी शिकवलं : घालताना लुळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. आणि बगलेत हात घालून, दंडाला धरून माणूस कधीच उठवायचा नाही, कारण लकव्याचा खांदा सैल झालेला असतो, तो ओढला की सांध्यातून सरकतो. खुर्ची चांगल्या बाजूला लावायची, आपण गुडघ्यात वाकायचं, कमरेला धरून उठवायचं. दोन मिनिटांत सांगून होणारी गोष्ट, पण ती मला काकांच्या खांद्यावर शिकावी लागली.

नळीतून जेवण देताना पाठ उंच ठेवायची आणि नंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही, लघवीची पिशवी कमरेच्या खाली राहील अशी टांगायची, हे सगळं आहेच. त्यात आज जात नाही. मला आज कूस बदलण्याबद्दल बोलायचंय.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असते. आपण झोपेत न कळत वळतो. त्यांना ते जमत नाही. मग हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दबून राहते, तिथलं रक्त फिरणं थांबतं. माकडहाड, खुबे, टाचा, कोपर, डोक्याची मागची बाजू, या अशा जखमेच्या, म्हणजे बेडसोअरच्या, आवडत्या जागा. बोटाने दाबून सोडलं की लाल जागा पांढरी पडून परत लाल व्हायला हवी. पांढरी पडलीच नाही, तर आत बिघडायला लागलंय असं समजायचं आणि डॉक्टरांना कळवायचं. आपल्या सावळ्या अंगावर लाली नीट दिसतही नाही. तेव्हा हाताच्या पाठीने बघायचं, शेजारच्या कातडीपेक्षा ती जागा गरम किंवा टणक लागते का. आणि आपल्याकडे लाल दिसलं रे दिसलं की हात जातो स्पिरिटच्या बाटलीकडे. खसाखसा चोळायचं, वर पावडर. असं करू नका. आधीच दबलेलं मांस चोळून आणखी दुखावतं, आणि स्पिरिटने कातडी कोरडी पडते.

कुशीवर वळवायचं म्हणजे थेट खुब्याच्या हाडावर पूर्ण आडवं करायचं नाही. पाठीमागे उशी देऊन थोडं तिरपं. पोटरीखाली उशी, म्हणजे टाच अधांतरी राहते. माणसाला गादीवरून फरफटत सरकवायचं नाही, त्याने कातडी सोलते. खाली आडवी चादर घालायची आणि दोघांनी ती उचलून सरकवायचं. दोघांनी म्हटलं मी, ते लक्षात ठेवा. एअर बेड आणला की वळवायची गरज नाही, असं दुकानदार सांगेल. गरज असते.

आता हिशोब करू. रात्री दहा, बारा, दोन, चार, सहा. पाच वेळा उठायचं. दर वेळी डायपर बघायचं, ओलं असेल तर पुसून कोरडं करायचं, उशा लावायच्या, घोटभर पाणी. वीस मिनिटं जातात. उरलेली झोप किती? दीड-पावणेदोन तासांचे तुकडे. आणि ‘चोवीस तासांची ड्यूटी’ म्हणजे सकाळी सहाला हीच बाई स्पंजिंगचं गरम पाणी घेऊन हजर. दुपारी जरा डोळा लागला की, “मावशी झोपल्यात वाटतं?” तुमच्यापैकी कुणीतरी एक महिना असं झोपून बघा.

मी एका घरी असं चार महिने केलं. पाचव्या महिन्यात आजींच्या माकडहाडावर रुपयाएवढा डाग दिसला. वहीत सगळ्या वेळा लिहिलेल्या होत्या, प्रत्येकीसमोर टिक. त्यातल्या दोनच्या आणि चारच्या टिका खोट्या होत्या. मी झोपलेली असायचे. सकाळी उठून टिक करायचे, कारण रिकामा रकाना दिसला की बोलणी बसायची. ती जखम भरायला अडीच महिने लागले. आजी मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. ड्रेसिंग करायला नर्सबाई यायच्या तेव्हा आजी माझा हात धरून ठेवायच्या, आणि तो हात मला सोडवून घेता यायचा नाही.

दोष माझा होता, तो मी कुणाच्या गळ्यात घालत नाही. पण आज शिकवताना मी मुलींना ‘जाग्या राहा’ असं सांगत नाही. सांगते, वहीत रकाना रिकामा सोडा. आणि घरच्यांना सांगते, रिकाम्या रकान्यावरून ओरडू नका, तो कुणी भरायचा ते बसून ठरवा. परवडत असेल तर बारा-बारा तासांच्या दोन बायका. नसेल परवडत, आणि बहुतेकांना नसतंच, तर रात्रीची एक-दोन कुशी मुलाने, सुनेने, नातवाने घ्यायची. नातवाची आठवण मुद्दाम करते, तो दोन वाजेपर्यंत मोबाइल घेऊन जागाच असतो.

थोडं कायद्याचं. आपल्या राज्यात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. नोंदणी करता येते, जरूर करायला लावा. २०१३च्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यात राहतं घरसुद्धा कामाची जागा धरलंय. घरकामगार बाई जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकते. हे आमच्या मुलींना सांगितलं की त्या आधी हसतात आणि मग गप्प होतात. २०११ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. त्यात आठवड्याला सलग २४ तास सुट्टी आहे. शिवाय, बाई नुसती ‘हाक मारली तर हजर’ म्हणून थांबते ते तासही कामाचे धरण्याची बाब आहे, किती धरायचे ते देशाच्या कायद्याने ठरवायचं. भारताने त्या कराराच्या बाजूने मत दिलं, पण मंजुरी अजून दिलेली नाही. म्हणजे तुमचं ‘नुसतं बसायचंय’ दिल्लीतही तसंच चालू आहे!

(मागून एका आजोबांनी विचारलं : मावशींना सुट्टी दिली तर त्या दिवशी आम्ही काय करायचं?)

बरोबर आहे काका तुमचं. अवघड आहे. बदलीची बाई ब्युरोकडे मागायची ती महिन्याच्या सुरुवातीला, सुट्टीच्या आदल्या रात्री नाही. आणि नव्या बाईला सगळं तोंडी सांगायचं नाही, वही हातात द्यायची.

वही मी आणलीय. त्या आजींची नाही, नंतरच्या एका घरातली, घरच्यांना विचारून. नावाचं पान काढून ठेवलंय. फेब्रुवारीपासून बघा, दोनच्या रकान्यात अक्षर बदलतं. तो त्यांचा मुलगा. ‘डावी कूस’ लिहितो, खाली कधी कधी ‘बाबा जागे होते, गप्पा मारल्या’. काही रात्री रकाना कोरा आहे. फिरवा मागच्या रांगेपर्यंत, फक्त पानं जपून उलटा, एकदा पाणी सांडलंय त्यावर.