इमॅक्सची पॅकेजं: कुठे शोधायची, कशी पारखायची

(धुळ्यात संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर आणि शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी इमॅक्स हा कोड आणि मजकूर लिहायचा एडिटर याच सत्रात पहिल्यांदा उघडला. उघडल्यावर समोर काहीच दिसत नाही, आणि लगेच वाटतं की यात काहीतरी भर घालायला हवी, म्हणजे पॅकेज टाकायला हवं. मग कुणी व्हिडिओ बघतं. कुणी पुण्यात नोकरी करणाऱ्या एखाद्या दादाची अख्खी इनिट फाइल, म्हणजे इमॅक्स सुरू होताना वाचतो ती सेटिंगची फाइल, उचलून आणतं आणि आपल्या मशीनवर चिकटवतं. ती चालतेही. पण पहिला एरर आला की कुठल्या ओळीने काय केलं ते सांगायला दादा फोन उचलत नाही. म्हणून मी आज उलट्या टोकाने जाणार आहे. आधी घरात काय आहे ते बघू, मग बाहेर पडू, आणि बाहेरून आणायचंच असेल तर ते उघडून बघून आणू.

इतिहास दोन वाक्यांत. इमॅक्स १९७६च्या सुमारास एमआयटीत टेको नावाच्या एडिटरवरचे मॅक्रो म्हणून जन्माला आला. रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील ही त्यामागची नावं. आज आपण वापरतो तो जीएनयू इमॅक्स १९८५चा, आणि त्याचा बहुतेक भाग इमॅक्स लिस्प या भाषेतच लिहिलेला आहे. पॅकेजही त्याच भाषेत असतं, त्यामुळे मूळ एडिटर आणि बाहेरचं पॅकेज यांत कुंपण नाही. हे सुख आहे तसं संकटही आहे. त्याकडे नंतर येतो.

घरातलं बघायचं म्हणजे काय, ते एका उदाहरणावरून सांगतो. अहिराणी म्हणी गोळा करणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला विचारलं, "सर, मराठी टाइप करायला कुठलं पॅकेज टाकू?" उत्तर होतं, कुठलंच नाही. कंट्रोल-एक्स दाबा, मग एंटर, मग कंट्रोल-बॅकस्लॅश. खाली नाव विचारतो, तिथे देवनागरी लिहायला लागा आणि टॅब मारा. यादी समोर येते. त्यात इन्स्क्रिप्ट आहे, आयट्रान्स आहे. सरकारी टायपिंगवाल्यांनी इन्स्क्रिप्ट घ्यावं, रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय असलेल्यांनी आयट्रान्स. एकदा निवडलं की पुढे नुसत्या कंट्रोल-बॅकस्लॅशने मराठी चालू, मराठी बंद. जोडाक्षरं जुळवण्यासाठी २०२०च्या २७व्या आवृत्तीपासून इमॅक्स हार्फबझ ही लायब्ररी वापरतो, त्यामुळे 'ऱ्हायना' नीट दिसतं. अक्षरांच्या जागी चौकोन दिसत असतील तर मशीनवर देवनागरी फाँट नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिथे जगातलं कुठलंही पॅकेज कामाला येणार नाही.

अशा किती गोष्टी आत पडून आहेत, याचा नव्या माणसाला पत्ता नसतो. टिपणं आणि कामांच्या याद्या ठेवणारा ऑर्ग मोड आत आहे. दुसऱ्या मशीनवरची फाइल उघडणारा ट्रॅम्प आत आहे. कोड लिहिताना चुका आणि सूचना दाखवणाऱ्या भाषा-सर्व्हरशी इमॅक्सला जोडणारा एगलॉट २०२३च्या २९व्या आवृत्तीपासून आत आला, आणि पुढची कळ कोणती ते दाखवणारं व्हिच-की ३०व्या आवृत्तीपासून. जुन्या व्हिडिओत ही दोन्ही बाहेरून टाकायला सांगतात, कारण तेव्हा ती बाहेरच होती. म्हणून आधी कंट्रोल-एच आणि लहान पी दाबा. विषयवार यादी येते, तिच्यात इमॅक्ससोबत आलेली पॅकेजं दिसतात. कंट्रोल-एच आणि आर म्हणजे अख्खं मॅन्युअल. ते कंटाळवाणं आहे असं सगळे सांगतात. सांगणाऱ्यांपैकी वाचलेले कितीजण, ते विचारू नका.

आता बाहेर पडू. २०१२पूर्वी पॅकेज म्हणजे कुठूनतरी उतरवलेली एक फाइल होती. ती फोल्डरमध्ये टाका, लोड-पाथमध्ये, म्हणजे इमॅक्स फाइली शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत, लिहा, देवाचं नाव घ्या. त्या वर्षी २४वी आवृत्ती आली आणि पॅकेज मॅनेजर इमॅक्समध्येच आला. ऑल्ट-एक्स, ज्याला जुनेजाणते एम-एक्स म्हणतात, आणि पुढे लिस्ट-पॅकेजेस. पडद्यावर बघा. पहिल्या रकान्यात नाव, मग आवृत्ती, मग स्थिती, मग ते कुठल्या भांडारातून येतं ते, आणि शेवटी एका ओळीत वर्णन. आय दाबलं की ओळीवर खूण पडते, एक्स दाबलं की ते बसतं. तिरकी रेघ आणि मग के दाबलं की विषयाने गाळता येतं. ओळीवर एंटर मारलं की पॅकेजची माहिती उघडते: कुणी लिहिलं, आणखी कुठली पॅकेजं लागतात, मूळ घर कुठे आहे. नव्वद टक्के मुलं हा एंटर मारत नाहीत. आकडा माझ्या मनचा आहे, पण वर्गात हात वर करायला सांगून बघा.

त्यातला भांडाराचा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भांडारं मुख्यतः तीन, आणि प्रत्येकाच्या दारावरची तपासणी वेगळी. जीएनयू एल्पावर पॅकेज ठेवायचं तर लेखकाने त्याचा कॉपीराइट फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या नावे लिहून द्यावा लागतो. पॅकेजं मोजकी, पण कायद्याची बाजू पक्की. नॉन-जीएनयू एल्पाला तो कागद लागत नाही, परवाना मात्र मुक्त हवा. हे भांडार २०२२च्या २८व्या आवृत्तीपासून आपोआप चालू असतं. तिसरं मेल्पा. तिथे पाच हजारांहून जास्त पॅकेजं आहेत, आणि ते तुम्हाला स्वतः एक ओळ लिहून जोडावं लागतं. मेल्पावर लेखक एक छोटी रेसिपी देतो, म्हणजे कोडचं घर कुठे आहे याचा पत्ता. सांभाळणारे लोक ती रेसिपी आणि कोड बघतात, सुधारणा सुचवतात, मग आत घेतात. ही तपासणी प्रवेशाच्या वेळची. त्यानंतर लेखक जे काही ढकलेल ते आपोआप बांधलं जातं आणि थोड्या वेळात तुमच्यापर्यंत पोचतं.

मेल्पाची एक गंमत नीट समजून घ्या, कारण इथेच सगळे अडकतात. मेल्पा आवृत्तीचा आकडा तारखेवरून बनवतो. लेखकाने ३.२ अशी आवृत्ती काढली असली तरी मेल्पावर ती २०२४०११५.१४३२ अशी दिसते, म्हणजे वर्ष, महिना, दिवस आणि वेळ. आता इमॅक्सला विचारा, मोठा आकडा कुठला? दोन कोटींच्या पुढचा आकडा तीनपेक्षा मोठाच. त्यामुळे तिन्ही भांडारं जोडली की तेच पॅकेज दोन ठिकाणी असताना प्रत्येक वेळी मेल्पाच जिंकतं, आणि लेखकाने काल रात्री अर्धवट सोडलेला कोड आज तुमच्याकडे येतो. उपाय आहे. पॅकेज-आर्काइव्ह-प्रायॉरिटीज या चलात जीएनयूला वरचा आकडा द्या, मेल्पाला खालचा. मग जे दोन्हीकडे आहे ते जीएनयूचं येतं, आणि मेल्पाकडून फक्त इतरत्र नसलेलं. मी माझ्या मशीनवर असंच ठेवतो. मेल्पा स्टेबल नावाचा वेगळा विभागही आहे, तो लेखकाने टॅग लावलेल्या, म्हणजे पक्की म्हणून खूण केलेल्या, आवृत्त्याच बांधतो. पण टॅग लावायचा कंटाळा असलेले लेखक पुष्कळ, त्यामुळे तिथे काही पॅकेजं फार शिळी मिळतात.

आणि हो, टाकायला गेलात आणि फाइल सापडत नाही असा एरर आला, तर घाबरू नका. तुमची यादी जुनी आहे, तिकडे नवी बांधणी होऊन जुनी फाइल गेली. पॅकेज-रिफ्रेश-कंटेंट्स चालवा आणि पुन्हा करा. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

आता पारख. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस नुसता रंग बघून पैसे मोजत नाही; दात बघतो, चालवून बघतो, मालक कोण ते विचारतो. पॅकेजचे दात म्हणजे त्याची मूळ फाइल. एम-एक्स फाइंड-लायब्ररी लिहा, बसवलेल्या पॅकेजची फाइल समोर उघडते. वरच्या दहा-पंधरा ओळी वाचा. लेखक, परवाना, आणि पॅकेज-रिक्वायर्स अशी एक ओळ, म्हणजे याला आणखी कोण कोण लागतं ते. त्याखाली कॉमेंटरी असते, तिथे लेखकाने हे का लिहिलं ते सांगितलेलं असतं. ज्या लेखकाला ते चार वाक्यांत सांगता येत नाही, त्याचं पॅकेज मी टाळतो. रिक्वायर्सच्या ओळीत सात-आठ नावं असतील तर तेवढ्या जास्तीच्या माणसांवर तुम्ही विश्वास टाकताय.

कुंपण नाही म्हटलं ते इथे लागू पडतं. इमॅक्समधलं पॅकेज तुमच्या नावाने चालतं. तुमच्या फाइली वाचू शकतं, प्रोग्राम चालवू शकतं. जीएनयू एल्पा पॅकेजवर डिजिटल सही करतं, मेल्पावर ती नसते. पण सहीने एवढंच कळतं की फाइल त्या भांडारातूनच आली. २०१८ साली जावास्क्रिप्टच्या एनपीएम भांडारात इव्हेंट-स्ट्रीम या लायब्ररीच्या मूळ लेखकाने कंटाळून ती एका मदतीला आलेल्या माणसाकडे सोपवली, आणि त्या माणसाने त्यात बिटकॉइन वॉलेट लुटणारा कोड घुसवला. लायब्ररी जुनी, नावाजलेली, लाखोंच्या वापरातली. म्हणून पॅकेजचा सांभाळकर्ता अलीकडे बदललाय का, हे मी बघतोच.

एका विद्यार्थ्याने चिठ्ठी पाठवलीय: "स्टार किती आणि शेवटचा बदल कधी झाला, एवढं बघितलं तर पुरत नाही का?" स्टारचं, म्हणजे गिटहबवर लोकांनी दिलेल्या पसंतीच्या खुणांचं, सोडून द्या, ते टाळ्यांसारखे असतात. शेवटच्या बदलाबद्दल मात्र गैरसमज आहे. लिस्पचं एखादं छोटं पॅकेज एकच काम करतं, ते नीट करतं, आणि मग त्यात बदलण्यासारखं काही उरत नाही. तीन वर्षं हात लागला नाही म्हणून ते मेलं असं नाही. त्याऐवजी उघड्या तक्रारी वाचा. लोक विचारतायत आणि कुणी उत्तर देत नाही, तर ते बेवारस.

दुसरी चिठ्ठी: "पॅकेज बसलं, पण चालत नाही." बहुतेक वेळा पॅकेजला बाहेरचा प्रोग्राम लागतो आणि तो तुमच्याकडे नसतो. इमॅक्समधून गिट चालवणाऱ्या मॅजिटला मुळात गिट लागतं. एगलॉट नुसता दुभाषा आहे, त्या त्या भाषेचा सर्व्हर वेगळा टाकावा लागतो. मराठी शुद्धलेखन तपासायचं तर हन्स्पेल आणि त्याचा मराठी शब्दकोश लिनक्सच्या पॅकेजमधून घ्या. इमॅक्समध्ये टर्मिनल उघडणाऱ्या व्हीटर्मला तर सी कंपायलर आणि सीमेक हे बांधणीचं साधन लागतं. हे सगळं लिहिलेलं असतं त्याच माहितीच्या पानावर, जिथे एंटर मारायला कुणी तयार नाही.

शेवटचा प्रश्न मॅडमचा आहे: लॅबमध्ये साठ मशीन आणि नेट एकाच खोलीत. मॅडम, प्रत्येक मशीनला नेट द्यायची गरज नाही. जीएनयू एल्पा आणि मेल्पा दोन्ही आरसिंक या फोल्डर नकलणाऱ्या प्रोग्रामने उतरवून घेता येतात. ऑफिसच्या मशीनवर रात्री ते लावून ठेवा, फोल्डर लॅबच्या सर्व्हरवर वाटा, आणि मुलांच्या इनिट फाइलीत भांडाराच्या पत्त्याच्या जागी त्या फोल्डरचा रस्ता लिहा. इमॅक्स साधा फोल्डरही भांडार म्हणून चालवून घेतो. बसवलेली पॅकेजं असलेला एल्पा फोल्डर पेनड्राइव्हवरून थेट कॉपी केलात तरी चालेल, फक्त सगळ्या मशीनवर इमॅक्सची आवृत्ती एकच ठेवा. वेगळी असेल तर कॉपी झाल्यावर पॅकेज-रिकंपाइल-ऑल चालवा. हा आदेश २९व्या आवृत्तीपासून पुढेच मिळतो, त्यामुळे आधी मशीनवर कुठली आवृत्ती आहे ते बघून घ्या.