होडीची खोप

मे महिना सरत आलाय. मालवण तालुक्यातलं देवबाग. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी, मधे माडांनी भरलेली वाळूची चिंचोळी पट्टी. घराच्या पडवीपासून दहा पावलांवर होडीसाठी खोप, म्हणजे पावसाळ्यापुरता आडोसा, उभी राहतेय.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद. वल्ह्याच्या होडीला ही बंदी नाही, पण आषाढातल्या दर्यात तिला लोटणार कोण? ओंडक्यांवरून ढकलत, हाकारे देत, आठ-दहा जणांनी तिला माडांत आणलीय. उलांडी, म्हणजे तोल सांभाळायला होडीच्या बाजूला बांधलेलं लाकूड, सोडून बाजूला ठेवलीय. तळाचं बूच काढलंय, चुकून आत पाणी गेलंच तर वाहून जावं म्हणून. खाली दोन आडवे ओंडके, म्हणजे तळ ओल्या वाळूला टेकत नाही आणि वाळवी लागलीच तर वेळीच दिसते.

मेढी रोवल्या, आढं चढलं, वासे सुंभाने आवळले. खिळा एकही नाही. खाऱ्या हवेत तो टिकणार किती?

आता झाप. पाण्यात भिजवून मऊ केलेली झावळ मधोमध चिरायची आणि पाती एकाआड एक विणत न्यायची. विणणाऱ्या बाईची नजर आपल्याकडे, बोटं मात्र चालूच. शाकारणी खालून वर: वरच्या झापाची कड खालच्यावर आली पाहिजे. उतार खडा हवा, नाहीतर पाणी मुरतं आणि झाप श्रावणाआधीच कुजतो.

समुद्राच्या बाजूला कूड, म्हणजे झापांची भिंत, कारण पावसाची झोड तिकडूनच येते. खाडीकडचं तोंड मात्र उघडं. 'आत वारो खेळाक व्हयो,' असं इथे सांगतात, आणि सगळी मेख त्यातच आहे. निळी ताडपत्री थेट होडीवर टाकून मोकळं होता येतं, खर्चही कमी. पण लाकडाला आत घाम फुटतो. ऑगस्टमध्ये ती उचलली की पहिला भेटतो तो बुरशीचा वास. फायबरच्या होडीला एवढे लाड लागत नाहीत, हे खरं. तिच्यात फक्त पाणी साचू द्यायचं नाही.

लाकडी होडीला मात्र शाकारायच्या आधी उंडीच्या बियांचं तेल. चिंधी बुडवून फळ्यांच्या सांध्यांत, फळ्या शिवलेल्या काथ्याच्या टाक्यांवर, बोटाने दाबून दाबून. हात दोन दिवस तेलकट राहतात.

नारळी पुनवेच्या सुमाराला होडी बाहेर निघेल. जुने झाप चुलीत जातील. मेढी तिथेच राहतील, आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत त्यांच्यावर जाळी वाळत पडतील.