जुनी गाडी, मे महिना आणि अमरावती रोड

नमस्कार श्रोतेहो.

जुनी पद्मिनी, अँबॅसिडर किंवा कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० घेऊन नागपूरहून लांब निघायचं असेल, तर इंजिनाची फार काळजी करू नका. अशी गाडी रस्त्यात बसते ती बहुतेक वेळा रबर, पाणी नाहीतर पेट्रोल यांच्यापायी. आणि आपल्याकडचं ऊन या तिघांच्याही मुळावर उठलेलं.

हिशेब साधा आहे. इंजिनातलं पाणी ९० अंशांच्या आसपास असतं. बाहेर ३० अंश असतील तर रेडिएटरला ६० अंशांचा फरक मिळतो. मे महिन्यात ४५ असले की जेमतेम ४५ अंशांचा. म्हणजे उष्णता बाहेर टाकण्याची ताकद चौथ्या हिश्शाने गेली. त्यात रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर दाब टिकत नाही. दाबाखाली ११० अंशांपुढेही न उकळणारं पाणी मग शंभरातच उकळतं. प्रवासाला निघण्याआधी झाकण नवंच घाला. होजपाइप दाबून पाहा. चिरलेला, फुगलेला असेल तर काढून टाका. फॅनबेल्ट दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबला की साधारण अर्धा इंच दबावा. मारुतीचा फॅन विजेवर चालतो, म्हणून घरीच गाडी उभ्याने चालू ठेवा आणि फॅन आपोआप लागतो का बघा. वाटेत त्याचा थर्मोस्विच गेला, तर स्विचच्या दोन वायरी थेट जोडा. फॅन सतत फिरेल, पण गाडी गावापर्यंत पोचेल.

तापमानाचा काटा वर गेलाच तर एसी बंद करा, हीटर असेल तर पूर्ण चालू करा. हो, मे महिन्यातसुद्धा! तोही एक छोटा रेडिएटरच आहे. वाफ दिसली किंवा बेल्ट तुटला तर इंजिन ताबडतोब बंद. अर्धा तास झाकणाला हात लावू नका. नंतर इंजिन चालू ठेवून पाणी थोडं थोडं घाला. तापल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं की इंजिनाच्या वरच्या भागाला, म्हणजे हेडला, तडा जातो. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर हेड गॅस्केट गेलं. तिथून पुढे टोचन करूनच.

आता पेट्रोल. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या त्याने मऊ पडतात, टाकीतला साचलेला मळ सुटतो आणि फिल्टर चोंदतो. गाडी उभ्याने छान चालते, पण चढावर झटके देते, ही त्याची खूण. दोन फिल्टर, मीटरभर पेट्रोल पाइप आणि चार क्लिपा जवळ असू द्या.

ढाब्यावर चहा घेऊन निघताना गाडी सुरूच होत नसेल, तर बहुधा व्हेपर लॉक: गाडीतल्या पेट्रोल ओढणाऱ्या पंपाजवळच्या नळीत पेट्रोलची वाफ झालेली असते. बॉनेट उघडा, पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवा, दहा-पंधरा मिनिटं थांबा. उगाच स्टार्टर मारत बसलात तर बॅटरीही जाईल. एवढ्यानेही चालू झाली नाही तर ठिणगीसाठी लागणारे डिस्ट्रिब्युटरचे कंडेन्सर आणि पॉइंट तपासा. दोन्हींचा एकेक जोड सोबत हवाच.

रस्ता कोणता? ७०१ किलोमीटरच्या समृद्धीचा मोह, आमच्या मते, जुन्या गाडीने टाळावा. तापलेलं काँक्रीट, एकसारखा वेग आणि हाकेच्या अंतरावर मिस्त्री नाही. त्यापेक्षा कोंढाळी, कारंजा, तळेगाव, तिवसा असा जुना अमरावती रोड बरा. गावागावांत पंक्चरवाला आहे, जुन्या गाडीत हात घालणारा मिस्त्रीही सापडतो. पहाटे चारला निघा, अकराच्या आत सावली धरा. टायरवरचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी इतका जुना टायर उन्हात लांब नेऊ नका. हवा गाडी थंड असतानाच मोजा.

आणि जॅकसोबत फूटभर जाड फळी ठेवा. रस्त्याकडेच्या काळ्या मातीत पावसानंतर जॅक सरळ रुतत जातो, आणि गाडी इंचभरही उचलली जात नाही.