एक कोयता म्हणजे किती माणसं?

(बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात दिलेलं व्याख्यान, रेकॉर्डिंगवरून उतरवून थोडं नीट केलेलं.)

मागच्या पोरींनो, पुढं या, तिथं आवाज येणार नाही. विषय दिलाय 'सामाजिक विषमता आणि समाजशास्त्र', पण मी सुरुवात मुकादमाच्या, म्हणजे ऊसतोडीला टोळी नेणाऱ्याच्या वहीपासून करणार आहे, कारण विषमता मला पहिल्यांदा तिथं दिसली, पुस्तकात लई नंतर.

दसरा झाला की आमच्या वस्तीवर ट्रॅक्टर यायचा आणि आई-बाप सांगलीकडं ऊसतोडीला जायचे, मी आजीपाशी. वहीत बापाचं नाव, पुढं 'कोयता १', त्यापुढं उचल, म्हणजे कामाआधीच दिलेले पैसे. तुम्हाला माहितीच आहे, एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. आई पहाटे उठून कोपीत, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत भाकरी टाकायची, मग दिवसभर फडात मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायच्या, आणि वहीत तिचं नावच नाही. उचल बापाच्या हातात, फिटली नाही तर पुढच्या साली परत तोच मुकादम.

आता ही वही मार्क्सला दाखवली तर तो विचारेल, कारखाना कुणाचा, ऊस कुणाचा, आणि ज्याच्याकडं फक्त हातपाय आहेत त्याचं काय? बरोबरच आहे, उचल हीच साखळी आहे. पण मग मॅक्स वेबर हा जर्मन समाजशास्त्रज्ञ म्हणतो की नुसता पैसा बघू नका, प्रतिष्ठा आणि सत्ताही बघा. गावात एखाद्याकडं दोनच एकर कोरडवाहू असते पण पारावर त्याचा शब्द चालतो, आणि दुसऱ्याचा पोरगा नोकरीला लागला, स्लॅबचं घर झालं तरी त्याला भाड्यानं खोली देताना आडनाव विचारतात. याचं उत्तर नुसत्या पैशात सापडत नाही.

१९४५ साली डेव्हिस आणि मूर या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी मांडलं की समाजाला विषमता लागते, महत्त्वाच्या आणि अवघड कामांसाठी लायक माणसं मिळावीत म्हणून त्यांना जास्त मोबदला असतो. हे वाचलं तेव्हा मला रात्रभर झोप आली नाही, खरं सांगतो. ऊस तोडणं महत्त्वाचं नाही? तोडणी थांबली तर कारखाना किती दिवस चालेल? १९५३ साली मेल्विन ट्युमिन या दुसऱ्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं त्यांना हेच विचारलं, की कुठलं काम महत्त्वाचं हे ठरवतं कोण, आणि ज्यांना शिकायची संधीच मिळाली नाही त्यांच्यातली लायकी तुम्ही मोजली कशी? माझी आई हिशेबात बापाच्या पुढं होती, बोटांवर टनाचा हिशेब करायची. तिला शाळा मिळाली नाही.

आणि बाबासाहेब. १९३६ सालीच त्यांनी लिहून ठेवलं की जात म्हणजे नुसती श्रमविभागणी नाही, ती श्रमिकांची विभागणी आहे. शिवाय ही विषमता पायऱ्यापायऱ्यांची आहे, प्रत्येकाच्या पायाखाली कुणीतरी आहे, म्हणून सगळे एक होऊन उठत नाहीत. टोळीत बघा ना, सगळे सारखेच उचलीत बुडालेले, तरी पाण्याचा हंडा कुठं ठेवायचा यावरून भांडण. त्याच बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला कॉलेज काढलं, आजचं मिलिंद, आणि मराठवाड्यातल्या किती घरांत पहिला ग्रॅज्युएट तिथनं आला.

पण मला परत बाईकडंच यायचंय. कामाला नाही गेलं की खाडा, त्याचे पैसे कापतात. पाळीच्या दिवसात, अंगावरून जात असताना, बाळंतपण जवळ आलं तरी खाडा परवडत नाही. २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत आपल्या जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. दर सहाजणींमागं एक. तिथं वर्ग, जात आणि बाईपण वेगवेगळे धडे राहत नाहीत, तिन्ही एकाच पोटावर येतात.

ऊसतोड कामगारांना आता ओळखपत्र द्यायचं ठरलंय, ग्रामसेवकाकडनं मिळतं. घरी गेल्यावर एवढं बघा, ते बापाच्या एकट्याच्या नावावर आहे का आईचं वेगळं आहे. नसेल तर सोमवारी तिला घेऊन ग्रामपंचायतीत जा, अर्ज मी लिहून देतो.