विहिरीतला पाषाण आणि चंद्रावरचा ससा

(साताऱ्यातल्या एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेलं भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेत माझ्या नावापुढं 'ग्रहांच्या गमतीजमती' असं छापलंय. गमतीजमती म्हटलं की एक ठरलेली यादी असते. शनी पाण्यापेक्षा हलका आहे, बादलीत टाकला तर तरंगेल. आता हे खरंच आहे, पण एवढी बादली आणायची कुठून आणि ती ठेवायची कुठल्या मोरीत, हे सांगायला कोणी थांबत नाही. असली यादी मोबाइलवर रोज येते. ती वाचायला तुम्ही पावसात छत्र्या घेऊन इथवर यायचं कारण नव्हतं.

मी आयुष्यभर भूगर्भशास्त्र शिकवलं. ग्रहांबद्दल मला जे कळलं ते दुर्बिणीतून कमी आणि दगडातून जास्त. तेव्हा आज एकाच दगडाबद्दल बोलतो.

आमचं गाव खटाव तालुक्यात. वडील विहिरी पाडायच्या कामावर असायचे. यारी, सुरुंग, पहार, घण, हे शब्द मी बाराखडीच्या आधी शिकलो. विहीर खणताना पहिल्यांदा माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या दगड, आणि मग एक दिवस वडील संध्याकाळी घरी येऊन काही न बोलता हातपाय धुवायचे. आई काय ते समजायची. पाषाण लागला. काळा, अखंड, पहार मारली तर ठिणगी उडणारा. त्यात पाण्याची आशा नाही, आणि सुरुंगाचा खर्च दुप्पट.

तोच हा दगड. पुस्तकात त्याला बेसाल्ट म्हणतात. अजिंक्यतारा त्याचाच, आपल्या घरातला पाटा-वरवंटा त्याचाच, रस्त्यावरची खडीही त्याचीच. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थिजला, त्यावर पुन्हा वाहिला. महाबळेश्वरच्या बाजूला या थरांची एकूण जाडी 1,200 मीटरच्या वर भरते. पावसाळ्यानंतर घाटातून जाताना डोंगराकडं नीट बघा, पायऱ्या दिसतात. एकेक पायरी म्हणजे लाव्ह्याचा एकेक लोट. आज हा कातळ सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरवर पसरलाय.

लहानपणी मला वाटायचं, हा दगड म्हणजे आमच्या तालुक्याच्या नशिबाला आलेली खास शिक्षा. पुढं शिकायला गेल्यावर कळलं की शिक्षा कसली, हा तर सूर्यमालेतला सगळ्यात सर्रास दगड. जिथं जिथं टणक जमिनीचा ग्रह आहे, तिथं तिथं खणणाऱ्याला हाच भेटतो.

असं का? चिक्कीचा तुकडा तव्यावर ठेवा आणि मंद आच द्या. गूळ आधी पाघळतो, शेंगदाणे तसेच राहतात. ग्रहाच्या पोटातला खडक तापला की तोही सगळा एकदम वितळत नाही. त्यातला लवकर पाघळणारा भाग आधी सुटतो आणि हलका असल्यामुळं वर येतो. तो थिजला की बेसाल्ट. पृथ्वी, मंगळ, शुक्र, चंद्र, सगळ्यांच्या पोटातला मसाला साधारण एकसारखा. म्हणून गूळही एकसारखाच सुटतो.

आता चंद्र घ्या. चांदोबावरचा ससा आपण सगळ्यांनी आजीच्या मांडीवर बसून बघितलाय. तो ससा काळ्या पाषाणाचा आहे. पोटातून लाव्हा आला, मोठाल्या खड्ड्यांमध्ये भरला आणि तिथंच थिजला. जुन्या ज्योतिर्विदांना ते डाग पाण्याचे वाटले, म्हणून त्यांनी त्यांना समुद्रांची नावं दिली. आमच्याकडच्या विहिरींचीही कधी कधी अशीच नावं असतात, 'गंगा' म्हणायचं आणि आत थेंब नसतो. मला जिथं सशाचं डोकं दिसतं, तो शांतीचा समुद्र. 20 जुलै 1969 ला आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन तिथं उतरले आणि साडेएकवीस किलो दगडमाती घेऊन परत आले. त्यात काळा बेसाल्ट होता, आणि त्यात पृथ्वीवर तोवर कोणी न बघितलेली खनिजंही होती. त्यातल्या एकाचं नाव आर्मस्ट्राँग, ऑल्ड्रिन आणि वर यानात थांबलेले कॉलिन्स या तिघांच्या आडनावांची अक्षरं जोडून केलंय : आर्माल्कोलाइट.

एक किस्सा सांगतो, माझ्या धंद्यातल्या माणसांना तो फार आवडतो. 1971 साली अपोलो 15 चे डेव्हिड स्कॉट आणि जेम्स आयर्विन चंद्रावर गाडीतून परत निघाले होते. वेळ संपत आलेली, ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रातून घाई चाललेली. वाटेत स्कॉटला एक दगड दिसला, काळा, भोकाभोकांचा, एकटाच पडलेला. परवानगी मागितली तर मिळणार नाही हे त्याला पक्कं ठाऊक. मग तो म्हणाला, माझा सीटबेल्ट सुटलाय, जरा नीट करतो. गाडी थांबवली, उतरला, दगड उचलला. तोवर आयर्विन आजूबाजूच्या खड्ड्यांची वर्णनं करत ह्यूस्टनला बोलण्यात गुंतवून ठेवत होता. जवळपास किलोभराचा तो नमुना आजही 'सीटबेल्ट बेसाल्ट' म्हणून ओळखला जातो. विद्यार्थ्यांच्या सहलीत एसटीवाल्याला "जरा दोन मिनिटं" म्हणून घाटात गाडी थांबवायला लावणारा मास्तर तुम्ही बघितला असेल. जात तीच.

त्या दगडाचा फोटो मी पहिल्यांदा बघितला तेव्हा दचकलो. हुबेहूब आमचा मांजऱ्या! लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची भोकं राहिली. पण एक फरक आहे, आणि आजच्या बोलण्यातली मोठी गोष्ट तीच. आपल्या मांजऱ्याची भोकं बहुतेक वेळा भरलेली असतात. दगड फोडला की आत पांढरे, हिरवट, कधी गुलाबी झाक असलेले स्फटिक सापडतात. पोरं गारगोट्या म्हणून खिशात भरतात. ते स्फटिक पाण्यानं आणून भरलेत, लाखो वर्षं झिरपून झिरपून. चंद्रावरच्या दगडाची भोकं रिकामी आहेत. तिथं भरायला कोणी आलंच नाही.

सशाच्या भोवतीचा पांढरा भाग त्याहून जुना. चंद्र नवा होता तेव्हा वरून सगळाच वितळलेला होता, आणि दुधावर साय यावी तसं हलकं पांढरट खनिज वर तरंगून थिजलं, असं मानतात. आपल्या चंद्रयान 3 नं 23 ऑगस्ट 2023 ला दक्षिणेकडं उतरून प्रज्ञान गाडी फिरवली. गाडी चालली शंभर मीटरच्या आसपास, पण तिनं 23 ठिकाणी माती तपासली आणि ती या सायीच्या कल्पनेशी जुळली. उतरतानाच्या टाळ्या आपण सगळ्यांनी वाजवल्या. वर्षभरानं हा निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा कोणी फटाके लावले नाहीत. माझ्या मते तेव्हा लावायला हवे होते.

शुक्राचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं कोणालाच जास्त थांबता येत नाही. 1982 च्या मार्चमध्ये सोव्हिएत संघाचं व्हेनेरा 13 तिथं उतरलं. तापमान 457 अंश, दाब आपल्या हवेच्या 89 पट. यान अर्धा तास टिकेल असा हिशोब होता, ते 127 मिनिटं टिकलं. तेवढ्यात त्यानं रंगीत फोटो पाठवले आणि दगडाचं पृथक्करणही केलं. उत्तर : बेसाल्टच्या जातीचा. फोटोत चपटे कातळ दिसतात, पाटणकडच्या सड्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं. चार दिवसांनी जुळं यान व्हेनेरा 14 उतरलं. त्याच्या कॅमेऱ्याचं झाकण उडून नेमकं अशा जागी पडलं, की जमिनीचा टणकपणा मोजायला खाली आलेली दांडी त्या झाकणावरच टेकली. कोट्यवधी किलोमीटर जाऊन स्वतःचंच झाकण मोजून बसले बिचारे.

मंगळ मात्र सावकाश बघायचा. तुमच्यापैकी बहुतेक जण कासला गेलेले असणार. फुलांच्या दिवसांत गर्दी होते तेव्हा नाही, उन्हाळ्यात जा. तांबडा जांभा उघडा पडलेला असतो. काळ्या पाषाणावर लाखो पावसाळे पडले, बाकीचं धुऊन गेलं, लोह मागं राहिलं आणि गंजलं, तो जांभा. मंगळही लोहाच्या गंजानंच तांबडा आहे. पण कासला गंज खोलवर गेलाय आणि मंगळावर तो वरवरचा. 2013 च्या फेब्रुवारीत क्युरिऑसिटी गाडीनं तिथं एका खडकात भोक पाडलं, बोटभर खोल. बाहेर आलेली पूड राखाडी होती. तांबडा ग्रह म्हणजे तांबडी धूळ, ती झटकली की खाली वेगळाच रंग.

तिथला ऑलिम्पस मॉन्स हा ज्वालामुखी सुमारे 22 किलोमीटर उंच आणि 600 किलोमीटर रुंद आहे. त्याचं एक टोक साताऱ्यात ठेवलं तर दुसरं अमरावती ओलांडून नागपूरच्या वाटेला लागेल. एवढा वाढला कसा? आपल्याकडं जमिनीचे पट्टे सरकतात. ज्या चुलीवर आपला कातळ शिजला, ती हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात, आणि ती अजून पेटती आहे. आपण तिच्यावरून उत्तरेला सरकून आलो. मंगळाची जमीन सरकली नाही. चूल तिथंच, तवाही तिथंच, भाकरीवर भाकरी पडत राहिली.

मंगळाचा दगड हातात घ्यायला मंगळावर जावं लागतंच असंही नाही. 25 ऑगस्ट 1865 च्या सकाळी बिहारमध्ये गयेजवळच्या शेरघाटीला सुमारे पाच किलोचा एक दगड आकाशातून पडला. तपासला तर बेसाल्ट! उल्का आणि ती लाव्ह्यापासून झालेली, हे कोडं शंभर वर्षांवर पडून राहिलं. पुढं 1976 मध्ये व्हायकिंग यानांनी मंगळाची हवा मोजली. अंटार्क्टिकात सापडलेल्या याच जातीच्या एका उल्केत अडकलेला वायू 1983 साली त्या हवेशी जुळला. मंगळावर काहीतरी जोरात आदळलं होतं, त्या दणक्यानं उडालेला हा टवका. जगभरात अशा उल्कांना आज 'शेरगोटाइट' म्हणतात, आपल्या शेरघाटीवरून. त्या दगडात आघातानं तयार झालेली एक काच 1872 मध्ये ओळखली गेली, तिचं नाव मास्केलिनाइट. तीच काच आपल्या बुलढाण्यातल्या लोणारला सापडली, आणि ते विवर ज्वालामुखीचं नसून उल्केच्या आघाताचं आहे, याचा भक्कम पुरावा मिळाला. लोणारचा खड्डा बेसाल्टमध्ये पडलेला आहे. पृथ्वीवर असे खड्डे अगदी मोजके. म्हणून चंद्र-मंगळावरच्या खड्ड्यांचा अभ्यास करणारे परदेशातून लोणारला येतात आणि आपण तिथं सहलीचे डबे खातो. खा, पण खाऊन झाल्यावर दगडही बघा.

आता वडिलांच्या विहिरीकडं परत येतो. 2004 च्या जानेवारीत स्पिरिट नावाची गाडी मंगळावर गुसेव्ह विवरात उतरली. जागा मुद्दाम निवडलेली. विवराला येऊन मिळणारं नदीसारखं पात्र वरून दिसत होतं. इथं कधीकाळी तळं असणार, गाळ सापडणार, पाण्याचा पुरावा मिळणार, असा अंदाज. गाडीनं पहिला मोठा दगड घासून तपासला. काय निघालं असेल? तुम्ही हसताय म्हणजे कळलं तुम्हाला. पाषाण लागला! कॅलिफोर्नियातून ती गाडी चालवणारी मंडळी त्या संध्याकाळी घरी जाऊन काही न बोलता हातपाय धुवत असणार, असं माझ्या डोळ्यांपुढं येतं.

पण क्युरिऑसिटीनं जिथं भोक पाडलं तो खडक गाळाचा होता. बेसाल्ट झिजून, पाण्यानं वाहून आणून, तळ्यात बसलेला चिखल. कृष्णा काठाला आणून टाकते तसाच. म्हणजे आपल्या कातळानं मातीकडं जाणारी जी वाट धरली, तिच्यावर मंगळाचा कातळही काही पावलं चालला होता. मग पाणी गेलं आणि तो तिथंच थांबला. चंद्रावर तर पहिलंच पाऊल पडलं नाही. कृष्णाकाठची काळी जमीन, तुमचा ऊस, तुमची हळद, हे सगळं त्याच पाषाणाचं पीठ आहे, फक्त इथं जातं थांबलं नाही.

शेवटची एक गोष्ट आणि मग प्रश्न घेऊ. अपोलोनं आणलेली माती पन्नासेक वर्षं जपून ठेवलेली होती. फ्लोरिडा विद्यापीठातल्या काही संशोधकांना त्यातली 12 ग्रॅम मिळाली. एका रोपाला एक ग्रॅम, अशी त्यांनी 12 रोपं लावली. झाड मोहरीच्या नात्यातलं, अगदी लहान. 2022 मध्ये त्यांनी निकाल सांगितला : सगळं बी उगवलं. पुढं रोपं खुरटली, काहींची पानं जांभळट पडली, मुळं नीट धरेनात. पण उगवली.

वडील आज असते तर ही बातमी मी त्यांना वाचून दाखवली असती. विद्यापीठ कुठलं, खर्च किती, यातलं काही त्यांनी विचारलं नसतं. पाणी किती दिलं, एवढंच विचारलं असतं.

हं, मागच्या रांगेतून हात वर आहे. विचारा.